जहुरा बेवांची नाव आणि अकरा चौकटी

सोमवार, १२ जून

आधी वहीची माफी मागते. शेवटची नोंद गेल्या श्रावणातली आहे, त्यानंतर दहा महिने एक ओळ नाही. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण वेळ होता. आज कबीर साहेबांच्या निरोप समारंभात बोलले, ते जसं बोलले तसंच उतरवते आहे. उद्यावर टाकलं तर मी ते सुधारून लिहीन, म्हणून आजच.

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपले उपजिल्हा अधिकारी महोदय, ढाक्याहून मुद्दाम आलेले व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते नदीकूल सहाय्य संस्थेचे प्रकल्पप्रमुख ओबायदुल कबीर साहेब, माझे सहकारी, आणि पहाटे होड्या सोडून नदीतल्या बेटावरून इथवर आलेले चर काउनमारीचे माझे चाचा, खाला, भाऊ आणि बहिणी, आपणा सर्वांना फेरदौसी आराचा सलाम.

मला पाच मिनिटं दिली आहेत. तेहारी-भाताचे डबे आलेले आहेत हे मलाही वासावरून कळलं आहे, त्यामुळे मी फार ताणणार नाही.

साहेब अकरा वर्षांपूर्वी आपल्याकडे आले, तेव्हा आपण मदत कशी करायचो, आठवतं का? पूर ओसरला की तांदूळ वाटायचो. एका वर्षी ऐन उकाड्यात घोंगड्या वाटल्या. लोकांनी त्या नम्रपणे घेतल्या आणि गाईंच्या खाली अंथरल्या. साहेबांनी ते पाहिलं आणि शाळेच्या मैदानात उभं राहून म्हणाले, "पैसे थेट लोकांच्या हातात द्या. त्यांचं काय करायचं ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं." हेच वाक्य आज माझ्या मागच्या कापडी फलकावर सोनेरी अक्षरांत आहे.

आणि साहेबांनी ते करून दाखवलं. जगाची हवा तापवण्यात ज्या देशांचा हात मोठा, त्यांच्याकडून निघालेला निधी काउनमारीच्या फोनवर आणून सोडला. तोही पूर येऊन गेल्यावर नव्हे, आधी. वरच्या अंगाला जमुना चढणार असा अंदाज आला, की दहा दिवस आधी घरटी पाच हजार टका. घराचं टिन उतरवा, गुरं बांधावर न्या, पोहे, मुरमुरे आणि गूळ भरून ठेवा. याहून शहाणी मदत मी तरी पाहिलेली नाही, आणि हे मी मनापासून बोलते आहे.

मात्र आमचा लोकांवर जो विश्वास होता, त्याची नोंद राहायला हवी होती. नाहीतर विश्वास ठेवला होता हे ढाक्याला कसं कळणार? म्हणून एक अर्ज तयार झाला. पैसे कशावर खर्च करावेत, याच्या त्यात अकरा चौकटी होत्या. चारा, औषध, नाव-भाडं, सुकं अन्न, अशा दहा. अकरावी 'इतर'. तिच्यापुढे कंसात छापलं होतं, 'कृपया वापरू नये'. तो कंस माझा आहे. मला वाटलं होतं, त्याने काम सोपं होईल.

आता या फलकावरच्या छायाचित्राकडे बघा. भरलेली जमुना, नावेत टिनाचे पत्रे, दोन गाई, एक कपाट, आणि पुढे बांबू रोवून उभी असलेली बाई. हे चित्र साहेबांबरोबर तीन देश फिरून आलं आहे. तिकडे त्याच्याखाली लिहिलं होतं, 'बदलत्या हवामानाशी जुळवून घेणारी स्त्री'. ती स्त्री तिसऱ्या रांगेत बसली आहे. जहुरा बेवा. मघाशी साहेबांना पितळी नाव भेट दिली ती यांच्याच हस्ते, कारण कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं, 'लाभार्थीच्या हस्ते स्मृतिचिन्ह'. देताना त्या साहेबांना काय म्हणाल्या ते मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल. त्या म्हणाल्या, "साहेब, हिला सुकाणू बसवायचं राहिलं बघा."

तुम्ही हसलात. साहेबही हसले. मी हसले नाही, कारण एक गोष्ट मला ठाऊक होती. जहुरा खाला लाभार्थी नाहीत. दहा महिन्यांपूर्वी त्यांचं नाव यादीतून कापलं गेलं. आणखी पाच बायकांचंही.

अध्यक्ष महोदय घड्याळाकडे पाहत आहेत. आणखी दोन मिनिटं मागते.

आपल्या सरकत्या वाळूच्या चरावर घर म्हणजे उतरवून नावेत घालायची वस्तू. जहुरा खालांनी आयुष्यात सतरा वेळा घर हलवलं आहे, आणि सतराही वेळा परक्याच्या नावेतून. पुराचा अंदाज आला की नावेचं भाडं चौपट होतं, हे इथे कोणाला सांगायला नको. गेल्या वर्षी पाच हजार आले. सहा विधवा एकत्र बसल्या, सहांचे तीस हजार झाले. अठ्ठावीस हजारांत त्यांनी जुनी नाव विकत घेतली, उरलेल्यातून डांबर आणि काथ्या आणून तिच्या भेगा बुजवल्या. पाणी चढलं तेव्हा त्या नावेने एकतीस घरं बांधावर नेली.

(इथे तिसऱ्या रांगेतून जहुरा खाला म्हणाल्या, "बत्तीस. मशिदीचं टिन धरलं नाही तुम्ही, आपा." सभागृह हसलं. मी आकडा दुरुस्त केला.)

बत्तीस. पण चौकट होती नाव-भाड्याची. नाव-खरेदीची नव्हती. नाव विकत घेणं म्हणजे मालमत्ता उभारणं, आणि त्याचा निधी वेगळा. तो ढाक्यात दुसऱ्याच इमारतीत बसतो. तेव्हा गैरवापराची चौकशी करणं भाग होतं. चौकशी अधिकारी म्हणून मी निघाले. घाटावर आले तर एकही नाव नाही, सगळ्या घरं वाहायला गेलेल्या. तासाभराने एक आली. बांबूवर जहुरा खाला.

मला म्हणाल्या, "बसा आपा. कुठं सोडू?"

म्हटलं, "काउनमारीला. तुमच्याकडेच. त्या नावेची चौकशी आहे."

"कुठल्या नावेची?"

"ह्याच."

त्यांनी बांबू रोवून नाव पुढे ढकलली. मग म्हणाल्या, "मग पाय त्या फळीवर ठेवू नका, तिथं डांबर ओलं आहे. गैरवापर साडीला लागायचा."

उतरताना मी आठशे टका भाडं दिलं. संस्थेच्या नियमाप्रमाणे पावती केली, त्यांचा अंगठा घेतला, खर्चाचं शीर्षक लिहिलं: नाव-भाडं, मान्य. दुपारी त्यांच्या अंगणात बसून दुसरा कागद भरला, त्यावरही त्यांचा अंगठा घेतला: नाव-खरेदी, अमान्य. तीच शाई, तोच अंगठा. त्यांनी एवढंच विचारलं, "आपा, भाड्याची नाव चालते आणि घरची चालत नाही, हे नदीला कुणी सांगितलंय का?" मी म्हटलं, वर कळवते. कळवलं नाही. अहवालात त्यासाठी चौकट नव्हती.

अहवाल वाचून साहेबांनी नावं कापली. पण साहेबांनी नाव पाहिली नव्हती. मी तिच्यात बसून गेले होते, आणि बसूनच परत आले होते. तेव्हा कापण्याचं श्रेय आज त्यांच्या सत्कारात घालू नये, ते माझं आहे.

साहेब, तुम्ही निघताय आणि तुमच्या खुर्चीसाठी गुरुवारी मुलाखती आहेत. अर्ज करणाऱ्यांत मी आहे, हे सभागृहाला माहीत असलेलं बरं. या पावसाळ्याची यादी उद्या दुपारी चारला बंद होते. त्यानंतर वरून पाण्याचा अंदाज आला, तर फलकावरच्या बाईच्या फोनवर काहीच येणार नाही. माझ्या पिशवीत एक अर्ज आहे, सहा नावं यादीत परत घेण्याचा. तुम्ही आम्हाला अकरा वर्षांत खूप दिलंत. जाता जाता एक सही द्या, एवढीच माझी विनंती.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, तेहारी थंड होत असताना ऐकून घेणाऱ्या सगळ्यांचे मी आभार मानते. बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक गेलं असेल तर ते पदरात घ्या. एक चूक मात्र ओघात झालेली नाही. ती त्या अहवालाच्या चौथ्या पानावर आहे, तिच्याखाली माझी सही आहे, आणि तिची माफी या सभागृहाने करून भागणार नाही. सलाम.

भाषण इथे संपलं. टाळ्या वाजल्या, कारण भाषण संपलं की वाजतात. ढाक्याचे पाहुणे म्हणाले, "फार हृद्य बोललात, ती नावेची गोष्ट आम्हाला लिहून पाठवा, वार्षिक अंकात घेऊ."

कबीर साहेब गाडीत बसले तेव्हा मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो नीट वाचला. मग पितळी नाव मांडीवरून बाजूला ठेवून म्हणाले, "फेरदौसी, माझी सही लागतच नाही याला. ज्याने अहवाल दिला त्याने एका ओळीत तो मागे घ्यायचा, की कापलेली नावं आपोआप यादीत येतात. नियम चौदा. तुम्हीच तर टंकून दिला होता मला."

मला आठवेना. आत्ता नियमावली काढून पाहिली. चौदावा नियम माझ्याच टंकलेखनात आहे, एकही चूक नसलेला. म्हणजे दहा महिने ही किल्ली माझ्याच खणात होती. मला खरंच आठवत नव्हतं, की आठवू नये अशी सोय मी करून घेतली होती? प्रामाणिकपणे लिहायचं तर ठरवता येत नाही.

साहेब पुढे म्हणाले, "मात्र मागे घेतलेला अहवाल तुमच्या सेवापुस्तकात लागतो. चौकशी चुकीची केली, असा शेरा येतो. मुलाखत गुरुवारी आहे ना? त्यानंतर करा की."

"यादी उद्या बंद होते, सर."

"हो," ते म्हणाले, "ते आहेच." आणि गाडी निघाली.

परतताना घाटावर जहुरा खाला भेटल्या. यादीबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. फलक उतरवून झाला असेल तर ते कापड मिळेल का, एवढंच विचारलं. जाड आहे, गाईवर टाकायला होईल. मी मागून आणून दिलं. त्यांनी घडी घातली तेव्हा साहेबांचं सोनेरी वाक्य आतल्या बाजूला गेलं.

उद्या: अहवाल मागे घेत असल्याचं पत्र, एका ओळीचं, दुपारी चारच्या आत.