शिवाप्पामामांची उष्णता

आमच्या मुरुडच्या शिवाप्पामामांचं ऐका. लातूर वेगळा जिल्हा व्हावा, जवळ मोठा दवाखाना यावा म्हणून घसा बसेपर्यंत घोषणा दिलेला माणूस. जिल्हा झाला आणि मामांना शौचातून रक्त जायला लागलं.

"दुष्काळाचं वरीस, उष्णता हाय," म्हणत महिनोन्महिने सब्जा पीत बसले. शेवटी चक्कर येऊन पडले, तेव्हा मामी कडाडली, "चला लातूरला!"

"तिथं समदे वळखतेत. उस्मानाबादला जाऊ."

ज्या जिल्ह्यातून भांडून निघालो, तिथंच मी त्यांना नेलं. डॉक्टरांनी तपासून झापलं, "रक्त दिसलं की लगेच दाखवायचं! मूळव्याध निघाली म्हणून बरं, गाठ असती तर?"

मामा मान खाली घालून बाहेर आले. बाकड्यावर नव्या जिल्ह्यासाठी लढलेल्या समितीचे अध्यक्ष!

"अध्यक्षसाहेब, तुम्ही हितं?"

"काई न्हाई हो. जरा उष्णता."