मुदत संपलेली गोष्ट

कुंतला : सुटलात, ते कळलं हो. वादळग्रस्तांच्या ताडपत्र्यांबद्दल जज्ज काय म्हणाले, ते विचारतेय मी.

आर्तत्राण : ताडपत्र्यांपर्यंत गेलेच नाहीत ते! सरकारी वकील पाणी पिऊन उभा राहतो न राहतो, तोच म्हणाले, निवृत्त माणसावर चार वर्षांपेक्षा जुनं प्रकरण उकरून ठपका ठेवता येत नाही. इतकी वर्षं तुमचं खातं झोपलं होतं का? झालं! आरोपपत्र रद्द, पेन्शन मोकळी. हे घे, छेनापोड आणलंय कटकहून.

कुंतला : कार्तिकात मला बाहेरचं चालतं का? झाकून ठेवा.

आर्तत्राण : तोंड तरी गोड करायचं या निमित्ताने. अकरा वर्षं दर कार्तिकात हबिषाचं व्रत पाळलंस, एकवेळ बिनमिठाचं खाल्लंस, त्याचंच हे फळ म्हणतो मी.

कुंतला : मी दोन माणसांसाठी पाळत होते. बैधरचं काय झालं?

आर्तत्राण : त्याचं काय होणार? तो नोकरीत आहे. हा नियम निवृत्तांसाठी.

कुंतला : गोदाम तेच, ताडपत्र्या त्याच, वादळही एकच. तुम्हाला उशिरा विचारलं म्हणून तुम्ही सुटलात. त्यालाही तितक्याच उशिरा विचारलं.

आर्तत्राण : कायद्यात असं बघत नाहीत. त्याची दोन वर्षं राहिलीत अजून.

कुंतला : म्हणजे तुमच्यासारखं आधी निवृत्त व्हायला हवं होतं त्याने. चौकीदाराची अक्कल, दुसरं काय.

आर्तत्राण : टोमणे नकोत. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही माझ्या.

कुंतला : वाढते. उद्या त्याची चौकशी आहे, लक्षात आहे ना? तुम्ही म्हणाला होतात, माझं मिटू दे, मग मीच जाऊन सांगेन की कुलूप काढायला मी सांगितलं होतं.

आर्तत्राण : म्हणालो होतो. तेव्हा वेगळं होतं. आता खातं वर अपील करू शकतं. वकिलाने बजावलंय, पट्टनाईकबाबू, तोंड शिवून बसा.

कुंतला : किती दिवस?

आर्तत्राण : ते काय सांगता येतं? आणि मी घरी आणल्या होत्या का त्या ताडपत्र्या? पुढाऱ्याचा निरोप आला, ट्रक त्याच्या गावाला गेला. नाही म्हटलं असतं तर बदली करून जंगलात टाकलं असतं मला.

कुंतला : आणि इथली माणसं उघड्यावर भिजली.

आर्तत्राण : हळू बोल. फाटक वाजलं.

निशामणी : महाप्रसाद! अगं महाप्रसाद, कुठे आहेस?

आर्तत्राण : आली तुझी सखी, बैधरची बायको. पुरीच्या देवळात एकमेकींना घास काय भरवलात, तीस वर्षांत 'महाप्रसाद'शिवाय एकमेकींचं नाव उच्चारलं नाहीत. तिच्याशी काही बोलू नकोस हं.

कुंतला : देवाचं अन्न साक्षीला आहे. महाप्रसादाशी खोटं बोलता येत नाही मला.

आर्तत्राण : खोटं कुठे बोल म्हणतोय? गप्प राहा.

निशामणी : अगं, पोस्टमननं सांगितलं आणि मी भाताचं पातेलं तसंच टाकून धावले. बाबू, देवाने डोळे उघडले! ही ओऊची फळं आणलीत गं, आमच्या झाडाची. तुझ्या हबिषाच्या डाळीत आंबटाला होतील ती. सडा-मुरुज झालं का? कशी सुंदर रांगोळी काढलीयस तुळशीपाशी!

कुंतला : बैस, महाप्रसाद.

निशामणी : बसत नाही. आमच्या ह्यांचा पांढरा शर्ट इस्त्रीला टाकायचाय. सकाळपासून एकच वाक्य घोकतायत, "आज्ञा, बाबूंनी सांगितलं म्हणून काढलं." मी म्हटलं, तुम्ही कशाला घोकता? जन्मभर साहेबांपुढे "आज्ञा, आज्ञा" म्हणण्यापलीकडे तुम्हाला बोलता आलंय का? आता बाबूच येऊन सांगतील. दहाला बोलावलंय, बाबू. रिक्षा आम्हीच आणतो.

आर्तत्राण : हो… म्हणजे गुडघा फार धरलाय गं. आणि डॉक्टर म्हणतात, प्रेशर…

निशामणी : खुर्ची देतील ना. दोन शब्दांचं तर काम आहे.

आर्तत्राण : तसं नसतं. कोर्टाचा निकाल ताजा आहे. मी तिथे काही बोललो, तर त्याचा वेगळा अर्थ काढतील. बैधरला सांग, त्यानेही कटकला अर्ज करावा. निकाल दाखवावा माझा.

निशामणी : वकिलाला काय देऊ? ओऊ?

आर्तत्राण : बघू काहीतरी.

निशामणी : महाप्रसाद, हे काय बोलतायत? तू सांग. तुझ्या तोंडून ऐकेन मी.

कुंतला : …येणार नाहीत ते.

निशामणी : असं.

आर्तत्राण : येणार नाही असं नाही, आत्ता नाही.

निशामणी : तुम्हाला नाही विचारत, बाबू. अगं, तू तर होतीस तिथे. आमचे हे ओल्या घोंगडीत तुमच्या दारात उभे, आणि बाबू म्हणाले, "काढ कुलूप, बाकी मी बघतो." तूच मला सांगितलंस ना? तू स्वतःच्या कानांनी ऐकलंस ना?

कुंतला : ऐकलं.

निशामणी : मग तू चल उद्या! बाईमाणसाला खोटं नाही पाडत कुणी. तू तर व्रताची, तुझ्या शब्दाला सगळा गाव मानतो.

आर्तत्राण : कुंतला, तू गेलीस तर माझं सगळं पुन्हा उघडेल. अकरा वर्षं, आठवतायत ना? भाजी आणायलासुद्धा मान खाली घालून जायचीस.

निशामणी : मी आत्ताही तशीच जाते, बाबू.

कुंतला : महाप्रसाद… उद्यापासून पंचुक लागतंय गं.

निशामणी : बरं.

कुंतला : कार्तिकातले शेवटचे पाच दिवस. पहाटे नदी, मग तुळस, मग पुराण. दहा वाजेतो चूलसुद्धा पेटत नाही माझी. कचेरीत कुणाकुणाचा स्पर्श होणार, तिथलं पाणी… इतक्या वर्षांचं व्रत असं शेवटी मोडलं तर…

निशामणी : आमच्यासाठीही पाळतेस, म्हणाली होतीस.

कुंतला : पाळतेच आहे ना. उद्याही नाव घेईन त्यांचं. तुळशीपाशी दिवा लावीन बैधरच्या नावाचा.

निशामणी : लाव हो.

आर्तत्राण : छेनापोड घेऊन जा थोडं. पोरांना दे.

निशामणी : नको, बाबू. गोड नाही खाववणार कुणाला.

कुंतला : महाप्रसाद, थांब ना. रागावलीस? माझ्याकडे बघ तरी.

निशामणी : राग कसला त्यात. ओऊ नीट धुऊन घ्या, झाडावर मुंग्या होत्या. येते मी, कुंतलाबाई.