गनीभाईंची सर्विस

दिग्रस स्टँडवर, यवतमाळ गाडीच्या रांगेत माझ्यामागे गॅरेजवाले गनीभाई आणि टेनिसमधले त्यांचे जोडीदार किसनराव उभे होते.

"गनीभाई, तुमच्या सर्विसनंच काल हरलो आपण."

"मालूम आहे. दहातल्या सात नेटमंदी गेल्या."

"हातोड्यानं ठोकल्यासारखं मारता तुम्ही."

"मंग कसं मारू?"

"आधी बॉल वर फेकू नका, ठेवा. उंच फळीवर डबा ठेवता ना, तसा. मंग आरामात हाणा."

"अन् जोर?"

"जोर कायले? सीधी गेली म्हणजे झालं."

"खरं सांगू किसनराव? पाच साल झाले, माह्या हातून एक बी सर्विस धड नाही झाली."

रांगेत नुकत्याच आलेल्या काकू दचकल्या.

"अन् मंग माही स्कुटी काल काहून ठेवून घेतली?"