साखरेला चिकटलेलं

(शाळेचा रिकामा वर्ग. भाऊ शिडीवर चढून पंखा बसवतोय, बहीण खाली उभी.)

बहीण : दादा, तू आधी खाली उतर.

भाऊ : दोनच स्क्रू राहिलेत. तू प्रयोगशाळा सोडून इथं कशी?

बहीण : उतर, मग सांगते.

भाऊ : हा बघ, उतरलो. बोला, शास्त्रज्ञबाई. तुमचा चेहरा का उतरलाय?

बहीण : मी तुझं रक्त घेतलं होतं ना...

भाऊ : घेतलंस की. धडधाकट माणसाचं हवं होतं म्हणे. मी आयता सापडलो.

बहीण : आजाऱ्यांच्या रक्ताशी ताडून बघायला. आमचे लोखंडाचे कण असतात, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. त्यांच्यावर साखरेचा थर. रक्तातली ठरावीक प्रथिनं त्या साखरेला चिकटतात. बाहेरून लोहचुंबक लावलं की ती कणांबरोबर नळीच्या कडेला येतात. बाकीचं धुऊन टाकायचं.

भाऊ : गुळाला मुंगळे. बरं, मग?

बहीण : हृदयावर ताण आला की एक प्रथिन वाढतं. तुझ्या नळीत ते खूप निघालं.

भाऊ : तुझे कण चुकले असतील.

बहीण : असतीलही. म्हणूनच आज डॉक्टरांकडे जाऊ, ते नीट तपासतील. जिना चढताना तुला धाप लागते, वहिनी म्हणत होती.

भाऊ : वयानं लागते गं. तिला सांगितलंस?

बहीण : नाही, आधी तुला. आणि दादा... नळ्यांवर नावं नव्हती, नुसत्या खुणा. ते प्रथिन इतकं स्वच्छ वेगळं निघालेलं पाहून मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना हाका मारून दाखवलं. खूण कोणाची ते मागाहून यादीशी जुळवून पाहिलं.

भाऊ : तुला काय स्वप्न पडलं होतं, माझी नळी आहे म्हणून?

बहीण : कळल्यावरसुद्धा पहिल्यांदा मनात आलं, हा नमुना वाया गेला, आता दुसरा निरोगी माणूस शोधायला हवा. ते आधी आलं, दादा. तू नंतर.

भाऊ : ...कधीची गोष्ट ही?

बहीण : गेल्या आठवड्यातली.

भाऊ : लहानपणी काही जमलं की धावत यायचीस मला सांगायला. आणि आता आठवडा?

बहीण : रोज पुन्हा करून बघत होते. जन्मात पहिल्यांदा वाटत होतं, माझं चुकलेलं निघावं.