तापलेल्या चाकांची हवा

आमच्या गाडीचं सगळं बायको पाहते. हवा मोजायचा मीटर, पंप, सगळं तिच्याच ताब्यात! मे महिन्यात भर दुपारी साळा वरोऱ्याहून आपली गाडी घेऊन आला. पुढं एटापल्लीच्या जंगलात जायचं होतं, म्हणून त्यानं अंगणातच मीटर लावला.

"ताई, हवा लई झाली. काढून टाकतो."

"काऊन? गाडी उन्हातून आली, तापली. तुले ताप आला तर रक्त काढू काय?"

तिनं गाडी निंबाखाली लावायले लावली, त्याले पन्हं दिलं. संध्याकाळी थंड चाकाले मीटर लावला, तर हवा उलट कमीच! तिनंच पंपानं भरली.

साळा म्हणे, "भाऊजी, ताई हे कुठी शिकली?"

"माह्यावर! मी तापून आलो का आधी पाणी देते. बोलायचं ते संध्याकाळी बोलते."