कर्फ्यूतला जेवणारा

— नाही हो वकीलसाहेब, तुम्हाला कुणीतरी चुकीचं दार दाखवलंय. लालबागात काय ह्या जाईबाईची एकच खानावळ आहे? ह्याच चाळीत खालच्या मजल्यावर रखमाची आहे, तिला विचारा. बसा, उभे का — तो पाट घ्या. माझे हात गुंतलेत, बांगडे साफ करायचेत, दिवसपाळी सुटली की माणसं येतात आणि ताट समोर दिसलं नाही की धोंडू डोकं उठवतो. धोंडू म्हणजे आमच्या देवगडकडचा, विणखात्यात आहे, माझ्या जेवणाऱ्यांत सगळ्यात जुना. तो उठला की अख्खी पंगत उठते, असं त्याचं वजन. तर काय म्हणत होतात — शिवा. नाव ऐकलंय. कुणी नाही ऐकलं? गेल्या जानेवारीत, त्या दंगलीत कर्फ्यू लागला, त्या संध्याकाळी मागच्या गल्लीत गिरणीत माणसं भरणारा सीताराम जॉबर आणि त्याचा मेव्हणा, दोघांना सुरा घालून मारलं, आणि पोलिसांनी ह्याला उचलला. का, तर हा गिरणीच्या दारात जॉबरशी भांडला होता, मलाही विणखात्यात घ्या म्हणून. आता महाराच्या पोराला विणखात्यात कोण घेणार? मागावरच्या धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, मग तोच धोटा दुसऱ्यानं तोंडाला लावायचा — जाऊ दे, तुम्ही गिरगावातले, तुम्हाला काय सांगायचं.

पण भांडला म्हणून सुरा घालेल असा नाही तो. म्हणजे, नसेल — मला काय माहीत. तुम्हाला हा पत्ता दिला कुणी? त्याच्या आईनं? शेवंतीनं? नाही हो, मी कुठली तिला ओळखायला, नाव आपलं कानावर आलेलं. काय म्हणाली? पोरगा घरी तिरफळ घातलेलं कालवण मागायचा? आणि तेवढ्यावरून तुम्ही एवढे शिकलेले, कोकणातल्या बायकांच्या चुली हुंगत फिरताय? तिरफळ सगळ्याच घालतात. मी दोनच दाणे घालते, जास्त झालं की त्याची जीभ बधिर होते, मग पाणी पाणी करतो — म्हणजे कुणाचीही होते.

असे बघू नका. दार लोटा जरा. लोटा म्हणते ना.

तो स्वतः काय सांगतो? कुठंतरी होतो — एवढंच? वर्ष होत आलं, बापानं दसऱ्याला नागपूरला जाऊन धर्म घेतला, बुद्धाचे झाले सगळे, हा आत. आणि आत बसूनसुद्धा मेल्यानं माझं नाव घेतलं नाही? मला वाटलं होतं, घेईल. रोज जिन्यावर पाय वाजला की वाटायचं, आले पोलीस. घेतलं असतं तर बरं झालं असतं हो — मग मी नाही म्हटलं असतं आणि मोकळी झाले असते.

दंगलीच्या आधी, मोर्च्यात भेटला तो. मुंबईसह महाराष्ट्र म्हणत सगळी चाळ निघालेली, मीही गेले. परळ नाक्याला पोलिसांनी तो झोंबरा धूर सोडला, मी पडले, आमचीच माणसं मला ओलांडून पळाली. हा थांबला. डोळ्यांवर पाणी मारलं, दंडाला धरून इथवर आणलं आणि बाहेर गॅलरीत उभा राहिला, उंबऱ्याच्या आत नाही आला. मी म्हटलं, जेवून जा. कोण, कुठला, सगळं समजलं होतं मला, तरी म्हटलं. आणि तो गेल्यावर ते ताट — सांगू का? निखाऱ्यावर धरलं, चांगलं तापवलं. पुढच्या रविवारी आला तेव्हा ते काळवंडलेलं ताट बघितलं, आणि जेवून झाल्यावर स्वतःच घासायला निघाला. मी हातातून काढून घेतलं. त्यानंतर नाही हो तापवलं कधी. सगळे जेवून गेले की मागच्या जिन्यानं यायचा. पण मागच्याच जिन्यानं.

त्या दिवशी दुपारी आला आणि कर्फ्यू लागला. जेवणारे कुणी आलेच नाहीत. तुम्ही बसलायत ना, तिथंच बसला होता. मागच्या गल्लीत आरडाओरडा झाला तेव्हा घास हातात होता त्याचा. उठायला लागला, मी मनगट धरलं, म्हटलं, गोळ्या चालल्यात, बस खाली. सकाळी कर्फ्यू उठला तेव्हा गेला. तुम्हाला हेच पाहिजे होतं ना?

आता हे कोर्टात उभं राहून कसं सांगू? बाईमाणूस, नवरा नाही, रात्रभर खोलीत परका पुरुष, तोही त्यांच्यातला, माझ्या चुलीपाशी, माझ्या ताटात. धोंडू त्याच दिवशी उठेल. सगळे रखमाकडे जातील आणि मी काय खाऊ? गावी तरी कोण बसलंय माझं? खरी आहेत ना ही कारणं? रोज मीच मला सांगते, आणि तरी लाज वाटते, साहेब. त्याची नाही, माझी. मोर्च्यात गळा फोडून ओरडले, आपण सगळे एक म्हणून.

फाशी होईल? नक्की? मग — येते मी. हो, येते म्हटलं ना. कुठला दिवस सांगा. पेपरात छापून येतं का हो नाव? येऊ दे. आलं तर आलं. तुम्ही मात्र मला —

कोण? धोंडू? या, या, आज लवकर सुटलात. हे होय, हे वकील, त्या शिवाचे. दार का? वारा लागत होता चुलीला. विचारतायत, शिवा इथं जेवायला यायचा का. तुम्हीच सांगा धोंडू, असल्याला मी उंबरा ओलांडू देईन? वर्षं झाली तुम्ही जेवताय माझ्याकडे, कधी बघितलात? तेच सांगत होते मी ह्यांना, केव्हापासून. त्या संध्याकाळी? एकटीच होते हो, कडी लावून, एकटी. आणि खरं सांगू, त्यानंच मारलं असणार. नजरच तशी होती त्याची.

म्हणजे — लोक म्हणतात, तशी होती.

हात धुवून घ्या धोंडू, वाढते. आणि साहेब, उठा आता, तो पाट त्यांना लागेल. असं बघू नका माझ्याकडे. निघा तुम्ही.