पाठीवर बटाटा

...आणि वर मलाच म्हणतो, "जयू, टेस्टिंगमध्ये असं होतंच!" टेस्टिंग? अरे, माझी मुलाखत होती ती! माझी! तुम्हाला सांगते, नवरा इंजिनिअर असला तर त्याला आपली अडचण कधी सांगू नये. तो ती सोडवत नाही हो, तिचं अ‍ॅप करतो!

झालं काय, मी फिजिओथेरपिस्ट, इथे म्हैसूरला एका दवाखान्यात लोकांच्या माना-पाठी सरळ करते, आणि जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात जागा निघाली. कॉलेजपासूनचं स्वप्न माझं! अट एकच, जर्मन यायला हवं. म्हटलं, सरस्वतीपुरमला वर्षिणी मॅडमचा क्लास आहे, तो लावते. तर आमचे अनुरागराव, इथल्याच हेब्बाळच्या आयटी कंपनीतले, असे हसले, असे हसले... "क्लास? या जमान्यात? थांब, मी तुला शब्द शिकवणारं वेब अ‍ॅप करून देतो!"

आणि मी थांबले! अक्कल बघा माझी!

आधी रंग. निळा की जांभळा, यात उन्हाळा सरला. मग लॉगिन. वापरणारी मी एकटी, आणि मलाच विचारतंय, आपण कोण? मग हत्ती! दसऱ्यातला अंबारीवाला हत्ती, उत्तर बरोबर आलं की सोंड वर करून ओरडणारा. ती सोंड नीट वळेना, म्हणून हा माणूस कंपनीच्या बसमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन हत्ती हलवत बसायचा! मी विचारायचे, अरे, शब्द? तर मान वर न करता, "शब्द काय गं, नंतर टाकू!"

शेजारच्या इंदिराबाई, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरच्या, मराठी बोलतात ती निम्मी कन्नड. त्यांना बोलावून हत्ती दाखवला. त्या म्हणाल्या, "अय्यो, चंद, छान दिसतंय की रे! पण शब्द एल्लि? कुठं हैत शब्द?" त्यांनाही तेच! "शब्द काय काकू, नंतर टाकू!"

मुलाखत तोंडावर आली तेव्हा साहेबांना जाग आली. कुठूनतरी एक यादी आणली आणि ओतली एकदाची. मी मुकाट पाठ केली. रिक्षात, दवाखान्यात, पोळ्या लाटताना... हत्ती ओरडतोय, मी खूश!

मुलाखतीला पडद्यावर एक डॉक्टरीणबाई. चेहरा इस्त्री केलेला. मला विचारतात, "पेशंटची र्‍युकन दुखत असेल, तर आधी काय कराल?" मला त्यातलं कळलं दोनच, 'र्‍युकन' आणि 'आधी काय कराल'. आता र्‍युकन म्हणजे, आमच्या हत्तीच्या म्हणण्याप्रमाणे, बटाटा. मी म्हटलं, तिकडचे लोक बटाटे फार खातात, घरगुती गप्पांनी सुरुवात करत असतील. ठणठणीत आवाजात सांगितलं, "आधी धुते. मग उकडते. मग साल काढते." बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आणखी सांगावं. "फार जुनी असेल तर फेकून देते!"

अहो, र्‍युकन म्हणजे पाठ! यादीत अवयवांचे अर्थ एकेक ओळ वर सरकले होते. पाठीच्या खाली भाजीपाला सुरू, पहिलाच बटाटा, तो चढून बसला पाठीवर! बाईंनी विचारलं, "हे कुठे शिकलात?" मी मान खाली घालून अ‍ॅपचं नाव सांगितलं. जागा देता येत नाही म्हणाल्या, अगदी हळू म्हणाल्या हो... ते हळू म्हणणं जास्त लागलं. पडदा बंद केला. आणि हा? यादी उघडून टाळी वाजवतोय, "सापडली! चूक सापडली!"

दुसऱ्याच दिवशी वर्षिणी मॅडमकडे नाव घातलं. बाकावर बसून, खडूचा धुरळा खात शिकले आणि परीक्षा पास झाले. तोवर ती जागा भरलेली.

आणि मग त्या जर्मन डॉक्टरीणबाईंचा फोन. मला नाही, ह्याला! कुतूहलानं त्यांनी अ‍ॅप उघडून पाहिलं होतं, तळाशी ह्याचं नाव आणि नंबर! हत्ती आवडला म्हणे! पेशंटांना घरी व्यायाम शिकवणारं असंच काहीतरी हवंय, तिकडे येऊन कराल का? बोलणं सगळं इंग्रजीत. त्यांनी विचारलं, "यात व्यायाम कुठले घालणार?" मी दाराआड उभी, कान लावून. आणि हा इंग्रजीत, ऐटीत, "व्यायाम काय, ते नंतर टाकू!" आणि बाई म्हणाल्या, वा!

तर जातोय आम्ही जर्मनीला. तो नोकरीला. आणि मी... त्याला तिथे साधा पाव मागता येत नाही ना, म्हणून दुभाषी. बिनपगारी!